डस्टरवर रेघ नव्हती

सरकारनं मास्तर लोकांना पोरांवर हात टाकायची बंदी केली, तेव्हा आमच्या शाळेत मारायचं काम माझ्याकडे आलं. मी शिपाई होतो. बंदी मास्तरांना आहे, शिपायाचं नाव कायद्यात कुठं नाही, असं हेडमास्तर म्हणाले. खरं असेल, नसेल. मी चौथी शिकलेला, मला कायद्यातलं काय कळते.

बायको मागच्या हिवाळ्यात गेली. रामदासपेठेतल्या दवाखान्यात अकरा दिवस होती. ती होती तोवर हे कोणाला सांगायची गरज नव्हती, तिला सगळं माहीत होतं. आता माहीत असलेला मी एकटाच उरलो. भेटायला येणारे लोक म्हणतात, तुम्ही शाळेत होते ना, किती पोरं घडवली. मी एकही घडवलं नाही. काय केलं ते सांगतो.

शाळा कळमन्याच्या मिरची बाजाराच्या अलीकडे. पोरं हमालांची, ऑटोवाल्यांची, मिरची निवडणाऱ्या बायांची. मिरचीचा हंगाम लागला की वारा आमच्याकडे वाहायचा आणि आख्खी प्रार्थना शिंकत व्हायची. पोरं वांड होती, हे खोटं नाही. एकानं दुसऱ्याच्या मांडीत कर्कटक खुपसलं होतं. एका मास्तरच्या गाडीचं सीट ब्लेडनं फाडलं होतं.

पद्धत अशी होती. पोरगं त्रास देऊन राहिलं की मास्तर तोंडानं काही म्हणत नसत. फळ्याचं डस्टर उचलायचं, त्याच्या लाकडी पाठीवर खडूनं रेघा मारायच्या आणि पोराच्या हातात द्यायचं. पोरगं ते घेऊन खाली माझ्याकडे. तीन रेघा तर तीन, पाच तर पाच. मी रेघा मोजायच्या, तेवढे द्यायचे, अंगठ्यानं रेघा पुसायच्या आणि डस्टर परत वर. विचारायचं काही नाही. मास्तरनं मारलं नाही, मी विचारलं नाही.

मारायला माझ्याकडे आटाचक्कीचा पट्टा होता, हातभर तोडलेला. छडी मोडते, पट्टा मोडत नाही. माझं स्टूल जिन्याखाली होतं. शाळेत कॅमेरे बसले तेव्हा हेडमास्तर स्वतः ऑफिसात टीव्हीसमोर उभे राहिले आणि मला जिन्याखाली उभं केलं. "मी दिसून राहिलो का?" म्हणून मी ओरडलो. "नाही दिसत, ठीक आहे," म्हणाले. कॅमेरा तसाच ठेवला.

मजा यायची का? यायची. दिवसभर कोणीही उठतं आणि "ए, चहा आण" म्हणतं. त्या जिन्याखाली मात्र पोट्टे मला पाहून मुतायचे. एकदा एकजण खरंच मुतला. त्याच्याकडूनच फरशी पुसून घेतली.

बायको त्याच शाळेत खिचडी शिजवायची. मागच्या बाजूला टिनाचा शेड, तिथं ती आणि आणखी एक बाई. पोरं तिला मावशी म्हणायची आणि मला काकाजी. तिच्या शेडपर्यंत आवाज जायचा. पट्ट्याचा आवाज येतो, पोरांचा नाही, असं ती एकदा म्हणाली. पोरं माझ्यासमोर रडत नसत. रडलं की मी एक जास्तीचा द्यायचो, म्हणून.

त्या वर्षी शाळा उघडली तेव्हा एक नवी मॅडम आली. पारशिवनीकडची, पंचविशीची, गणित शिकवायला. अजून पक्की नव्हती. पहिल्या वर्षाच्या शेवटी हेडमास्तरचा शेरा खराब पडला तर घरी. दुसऱ्याच दिवशी ती सुट्टीत खिचडीच्या शेडमध्ये जाऊन बसली आणि बायकोशी बोलली. बायकांचं असंच असते, पातेलं मध्ये असलं की सगळं बाहेर येते. ती नवऱ्याचं घर सोडून आली होती. तो मारायचा. कानशिलाजवळ टाके होते, ते तिनं केसाखाली लपवले होते. बापानं साफ सांगितलं होतं, नोकरी टिकली तर एकटी राहा, नाही टिकली तर मी तुला त्याच्याच दारात नेऊन सोडीन.

बायकोनं हे मला त्याच दिवशी सांगितलं. मी म्हटलं, "आपल्याले काय करा लागते?"

तिला आठवी ब दिली होती. नव्या माणसाला तोच वर्ग देत. आणि डस्टरची पद्धत तिला कोणी सांगितलीच नाही. सगळ्यांना वाटलं, दुसऱ्यानं सांगितली असेल.

तिसऱ्या दिवशी, पहिला तास. मी स्टुलावर तंबाखू मळून राहिलो होतो. आठवी बचा मॉनिटर जिन्यावरून खाली आला. हमालाचा पोरगा, काटकुळा, शर्ट नेहमी खोचलेला. हा कधी माझ्याकडे आला नव्हता. हातात डस्टर.

"कोणं पाठवलं बे?"

"नव्या मॅडमनं."

मी डस्टर उलटं करून पाहिलं. पाठीवर रेघ नव्हती.

"किती सांगितले?"

"काईच नाई सांगितलं, काकाजी."

रेघ नसली म्हणजे माझ्या मनावर, असं मी ठरवलं. असा नियम नव्हता. त्याआधी बिनरेघेचं डस्टर कधी आलंच नव्हतं. वर जाऊन विचारायला चाळीस पायऱ्या होत्या. मी म्हटलं, पाच.

त्यानं डस्टर काखेत धरलं आणि उजवा हात पुढं केला. दोन झाले. तिसऱ्याला त्यानं हात ओढला नाही, फक्त विचारलं, "काकाजी, काहून? मी काय केलं?"

मला राग आला. ज्यानं काही केलं नसते तोच असं विचारतो, हे तेव्हाही मला कळत होतं. म्हणूनच राग आला. "तोंड वर करते का?" म्हणून मी त्याचा हात उलटा केला आणि बोटांवर दोन जास्तीचे दिले. दुसऱ्याला सुकी काडी मोडावी तसा आवाज आला. मधलं बोट. पोरगा पांढरा पडला. रडला मात्र नाही. मी त्याला राहिलेले तीनही दिले, डाव्या हातावर.

वर काय झालं होतं ते मला नंतर कळलं. मॅडमनं फळा पुसला, तर खडूची धूळ तिच्याच तोंडावर उडाली. पहिल्या बाकावर हा बसला होता. तिनं डस्टर त्याच्याकडे दिलं, "हे जरा खाली जाऊन झटकून आण रे." वर्ग चूप झाला. पोरगा उभा राहून म्हणाला, "काहून, मॅडम?" ती हसून म्हणाली, "जा ना, लवकर ये." तिच्या लेखी ती धूळ होती. आठवी बच्या लेखी तिनं वर्गातल्या सगळ्यात गरीब पोराला, काही चूक नसताना, हसत हसत मारायला पाठवलं होतं. तो परत आला तेव्हा ती फळ्याकडे तोंड करून होती. "एवढा वेळ लावलास?" म्हणाली आणि लिहीत राहिली.

सुट्टीत तो खिचडी डाव्या हातानं खाऊन राहिला होता. बायकोनं पाहिलं. बोट वांग्यासारखं झालं होतं. तिनं विचारलं, तर पडलो म्हणाला. बायको जिन्याखाली आली आणि माझ्या पट्ट्याकडे पाहून परत गेली. बापानं त्याला दवाखान्यात नेऊन बोटाला पट्टी बांधून आणली. तक्रार वगैरे काही नाही. मास्तरनं मारलं म्हणजे पोराचंच काहीतरी असेल, असे ते लोक.

मग आठवी ब तिच्यावर उठली.

म्होरकी एक पोरगी होती. वर्गात सगळ्यात उंच, माय मिरची निवडायला जायची. या पोरीनं सातवीत असताना स्टीलच्या डब्यानं एका पोट्ट्याचा दात पाडला होता. ती मॉनिटरच्या मागच्या बाकावर बसायची आणि सारी गणितं त्याच्या वहीतून उतरवायची. त्याचं बोट मोडलं, तर तिचीही वही बंद पडली. तिला राग आला होता तो मात्र वहीसाठी नव्हता.

पहिल्या आठवड्यात मॅडमच्या खुर्चीचा पाय कापून तसाच टेकवून ठेवला. ती पडली, हनुवटी फुटली. दुसऱ्या आठवड्यात तिच्या पर्समध्ये मेलेली घूस. ती शिकवायला लागली की चाळीस पोरं तोंड मिटून घशातून आवाज काढायची, हुंऽऽऽ, आणि कोण काढून राहिलं ते कळत नसे. ती ओरडायची. मग आवाज बसायचा. मग ती पेपरच्या गठ्ठ्यानं टेबल बडवायची. बाकीचे मास्तर दारातून डोकावून जायचे. एकजण मला म्हणाला, "दिवाळीपर्यंत टिकते का पाहा." दुसरा म्हणाला, "दिवाळी? पोळा तरी पाहू दे." हसले. मीपण हसलो.

ती कोणालाही खाली पाठवत नव्हती. मला वाटलं, बाई हट्टी आहे.

मग पंख्याचं झालं. पोरांनी बाकावर बाक ठेवून पंख्याच्या पात्यांवर तिखट पसरलं. कळमन्याचं, घरी कुटलेलं. मॅडम आली, गरमी होती, बटण दाबलं. पहिल्या बाकावरच्यांनी आधीच डोक्यावर दप्तरं घेतली होती. सगळं तिच्या डोळ्यांत, नाकात, फुटलेल्या हनुवटीत गेलं. तिचा तो आवाज मी दोन मजले खाली ऐकला. पाण्याची बादली घेऊन धावलो. ती भिंत चाचपडून राहिली होती आणि पोट्टे हसता हसता खोकत होते, खोकता खोकता हसत होते. मी तिच्या तोंडावर पाणी मारलं. बादली टाकली, आणि हाताला लागले त्या तिघांना कॉलर धरून ओढत खाली नेलं.

त्या दिवशी डस्टर नव्हतं, मोजमाप नव्हतं. तिघांना जिन्याखाली भिंतीला लावून मी पट्टा चालवला, पाठीवर, पोटऱ्यांवर, कुठंही. एकाचा शर्ट फाटला. एक खाली बसला, तर त्याला लाथ मारली. माझा हात कोणीतरी मागून धरला. मी झटकला आणि पट्टा उलटा फिरवला, तो तिच्या मनगटावर लागला. मॅडम होती. डोळे उघडत नव्हते, लाल लाल पाणी वाहत होतं, आवाजाच्या मागे मागे कठडा धरून आली होती.

"कोणासाठी मारून राहिले तुम्ही?"

"तुमच्यासाठीच तं मारून राहिलो."

"मी सांगितलं का तुम्हाला?"

मी म्हटलं, "मागं तं पाठवलं होतं ना तुम्ही, डस्टर देऊन."

ती मग हळूच म्हणाली, "डस्टर?"

हेडमास्तर आले. त्यांनी तिला ऑफिसात बसवून डोळ्यात टाकायला गुलाबपाणी दिलं आणि पद्धत समजावून सांगितली, अगदी शांतपणे. मी दाराशी उभा होतो. "तुम्हाला हात लावायचा नाही. रेघा मारून पाठवायचं. बघा, आठ दिवसांत वर्ग सरळ येतो." ती एकदम उठली आणि बाहेरच्या बेसिनमध्ये ओकली.

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात माफी मागितली. मला माहीत नव्हतं, म्हणाली. वर्गानं हुंऽऽऽ केलं. ती उंच पोरगी उभी राहून म्हणाली, "मिरची लागल्यावर बरं आठवलं, मॅडम." सगळे बाक वाजवायला लागले.

त्या दुपारी मॅडम शेडमध्ये आली. मी तिथं जेवत होतो. माझ्यासमोर उभी राहिली. मनगटावर माझा वळ होता.

"काका, तुम्ही एकदा वर्गात येऊन सांगा. मी पाठवलं नव्हतं, मला माहीतच नव्हतं, आणि तुम्ही विचारलं नाही. माझ्यावर ते विश्वास ठेवत नाहीत. पुढच्या महिन्यात संस्थेचे सचिव माझा तास पाहायला येणार आहेत. असाच वर्ग दिसला तर मला काढतील."

मी म्हटलं, "माझं एक वर्ष राहिलं रिटायर व्हाले. हे असं तोंडानं बोललो तं पेन्शन जाईन माझी."

"सचिवांसमोर नका बोलू. फक्त पोरांसमोर."

"पोट्ट्यांसमोर शिपायानं माफी मागाची? मग उद्या कोण भेईन मले?"

ती गेली. बायको पातेलं घासून राहिली होती. घासणं थांबलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "सांगून टाका ना. दोन शब्द तं हायेत."

"तू चूप बस वं."

"तिले नवरा मारत होता. ते तिकडून सुटून आली आन् इथं तुमी भेटले." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "ते पळून तरी गेली. मी तं गेली बी नाई."

मी तिला मारलं. पट्ट्यानं नाही, हातानं, पण पूर्ण ताकदीनं. ती चुलीच्या ओट्यावर आदळली. गालाचं हाड सुजून डोळा अर्धा मिटला. पहिल्यांदाच मारलं असं सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं. पहिल्यांदा नव्हतं. लग्न झाल्यापासून अधूनमधून चालूच होतं, आणि म्हातारपणी बंद पडलं आहे असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. तो गाल मला आता रोज दिसतो. दवाखान्यात तिच्या तोंडाला नळी लावली होती तेव्हा त्याच बाजूला चिकटपट्टी होती.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. पदर डोळ्यापर्यंत घेऊन खिचडी वाढली. उंच पोरगी ताट घेऊन समोर आली आणि खाली वाकून पदराच्या आत पाहिलं.

"मावशी, कोणं मारलं?"

"दार लागलं वं, माय."

"दाराले पाच बोटं असतात का?"

असं पोरीनं विचारलं, हे मला बायकोनंच सांगितलं. एवढं बोलली आणि महिनाभर माझ्याशी दुसरं काही बोलली नाही. ताट वाढायची, समोर सरकवायची, झालं.

त्या महिनाभरात मॅडमची हालत मी पाहिली. वजन गेलं. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायची. पण डस्टर एकदाही दिलं नाही. हेडमास्तरांनी दोनदा बोलावून सांगितलं, तुमचा शेरा मला लिहायचा आहे हे लक्षात ठेवा. ती हो म्हणायची आणि वर जायची.

सचिव आले त्या दिवशी सुट्टीनंतरचा तास होता. सुट्टीत ती उंच पोरगी बायकोजवळ येऊन म्हणाली, "मावशी, आज साहेबाले पाणी द्याले वर येऊ नका. तुमाले लागन." बायकोनं विचारलं, काय लागन? तिनं खिसा दाखवला. रुळावरची गिट्टी होती. "सगळ्यांजवळ हाय. मॅडम फळ्याकडं वळली का फेकाचे."

बायको जिन्याखाली आली. महिन्याभरानं माझ्याशी बोलली. "वर त्या मॅडमचा जीव घेऊन राहिले पोट्टे. तुमचं पाप हाय. तुमी जाता का मी जाऊ?"

मी गेलो. चांगुलपणानं गेलो नाही. ती मागं उभी होती, आणि मी नाही गेलो तर ती घरी येणार नाही हे मला तिच्या डोळ्यात दिसलं.

दार उघडं होतं. मॅडम पोरांकडे पाठ न करता, आडवी उभी राहून फळ्यावर उदाहरण मांडून राहिली होती. मागच्या बाकावर हेडमास्तर आणि सचिव, सचिवांच्या मांडीवर फाईल. चाळीस पोट्टे हात बाकाखाली घालून बसले होते. असा शांत वर्ग मी आयुष्यात पाहिला नव्हता. सचिवांना तो चांगला वाटून राहिला होता.

मी आत घुसलो. "मले बोलाचं हाय."

"काय काम आहे? बाहेर व्हा," हेडमास्तर म्हणाले.

"याचं बोट मी मोडलं." मी मॉनिटरकडे हात केला. "मॅडमनं मारा म्हणून पाठवलंच नव्हतं. तिले ही डस्टरची पद्धत मालूम नव्हती. डस्टरवर रेघ नव्हती. मी वर येऊन विचारलं नाही. यानं काहून म्हणून विचारलं तं मी अजून मारलं. तिचा काही दोष नाही."

उंच पोरगी उभी राहिली. "खोटं हाय. मॅडमनं शिकवून आणलं याले."

"शिकवून नाही आणलं. महिन्याआधी हात जोडून बोलावलं होतं. मी आलो नाही. भेलो."

"मंग आज काहून आले?"

"बायकोनं पाठवलं."

मागून एकजण खिदळला, "काकाजी बायकोले भेते!" दोन-चार हसले. पोरगी हसली नाही.

"मावशीचं तोंड कोणं सुजवलं होतं?"

मी सचिवांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "म्या."

पहिली गिट्टी तिचीच. भुवईवर लागली आणि डोळ्यात रक्त उतरलं. मग सगळ्यांच्याच आल्या. मान, छाती, गुडघा, दातावर एक. मी हात वर केले नाहीत असं सांगायला चांगलं वाटलं असतं. मी हात वर केले, खाली बसलो आणि डोकं बाकाखाली घातलं. सचिव फाईल डोक्यावर धरून बाकाखाली शिरले. हेडमास्तर दाराकडे पळाले. माझ्या अंगावर एकदम सावली पडली. मॅडम माझ्यासमोर उभी होती, पोरांकडे तोंड करून, हात खाली सोडून. एक तिच्या खांद्याला लागली, एक कानशिलाला, जिथं ते टाके होते. ती हलली नाही, ओरडलीही नाही. आपण तिला मारून राहिलो हे पोरांना दिसल्यावर दगड येणं थांबलं, एकदम नाही, दोन-तीन आले मग थांबलं.

ती मला ओलांडून पहिल्या बाकापाशी गेली.

"तू मला विचारलं होतंस, काहून मॅडम. आठवते?"

पोरानं मान हलवली.

"मी उत्तर दिलं नाही. हसले आणि पाठवलं. पद्धत मला माहीत नव्हती, पण तू विचारलं होतंस. विचारल्यावर थांबायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

पोरानं ते बोट पाहिलं. वाकडंच जुळलं होतं. मग म्हणाला, "गणित घ्या ना, मॅडम. अर्धं राहिलं."

ती म्हणाली, "घेते. आधी ज्याच्याजवळ जे आहे ते टेबलावर आणून ठेवा. मी कोणाचं नाव विचारणार नाही." कोणी उठलं नाही. ती थांबली. मी बाकाखालून तिचे पाय पाहत होतो. शेवटी मॉनिटर उठला आणि आपल्या खिशातले दोन दगड टेबलावर ठेवले. त्याच्याही खिशात होते. मग बाकीचे उठले. गिट्टी, अर्धी ब्लेड, कर्कटकं, तिखटाच्या दोन पुड्या. उंच पोरगी सगळ्यात शेवटी आली, खिसे उलटे करून दाखवले. "मले तं खतमच झाले," म्हणाली.

मॅडमनं खडू उचलला आणि पाठ त्यांच्याकडे करून फळ्यावर उरलेलं उदाहरण सोडवायला लागली. कानामागून रक्त येत होतं. मी दारापर्यंत गुडघ्यावर गेलो. आतून तिचा आवाज येत राहिला, बसलेला, पण स्पष्ट. हुंऽऽऽ कोणी केलं नाही.

मला लगेच सस्पेंड केलं. प्रकरण बाहेर जाऊ नये म्हणून पोलीस वगैरे काही केलं नाही, सगळा दोष शिपायाचा असं लिहिलं. मला जे लिहून दिलं त्यावर मी सही केली. पेन्शन पुढं कापून का होईना मिळाली. हेडमास्तर तिथंच राहिले. त्यांनी मॅडमचा शेरा खराब लिहिला, वर्गावर ताबा नाही म्हणून. सचिवांनी तो बदलायला लावला. ते बाकाखालून निघाले त्यानंतर तासाची राहिलेली वीस मिनिटं तिनं शिकवलं, हे त्यांनी डोळ्यानं पाहिलं होतं.

वर्ग लगेच काही गाय झाला नाही. पंधराच दिवसांत त्या पोरीनं एकाचं डोकं खिडकीच्या गजावर आपटलं. मॅडमनं तिला कुठं पाठवलं नाही. वर्गासमोर उभं केलं आणि मोठ्यानं सांगायला लावलं, कोणाला मारलं, कुठं मारलं, किती वेळा. मग ज्याला मारलं त्याला विचारलं, बरोबर सांगितलं का? तो म्हणाला, एक कमी सांगितला. पोरीनं तोही सांगितला. तेव्हापासून आठवी बमध्ये हाच नियम झाला. मारणारा सांगेल, मार खाणारा तपासेल. बायको मला हे सगळं चुलीकडे तोंड करून सांगायची.

मी घरीच असायचो. शाळा सुटायच्या वेळी सायकल घेऊन गेटबाहेर तिला घ्यायला जायचो. आत जायची मनाई होती. वर्षाच्या शेवटी एक दिवस मॅडम गेटवर आली, हातात पेढ्यांचा पुडा. शेरा चांगला पडला, नोकरी राहिली, असं तिनं बायकोला सांगितलं. बायकोनं तिच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. मॅडमनं पुड्यातून पेढा काढून बायकोच्या तळहातावर ठेवला. मी दोन हातांच्या अंतरावर सायकल धरून उभा होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं, पुडा बंद केला, आणि बसस्टॉपकडे गेली.

बायकोनं पेढा तिथंच उभ्यानं खाल्ला, सगळा. मग पदराला हात पुसला आणि म्हणाली, "चला."